भेग आपोआप बुजते. पण कोणाच्या वस्तीत?

काँक्रीटला गेलेली भेग आपोआप बुजते, असे कुणी सांगितले तर आमच्या तळवली-घणसोली भागातला कोणताही मिस्त्री हसेल. त्याचा अनुभव नेमका उलटा आहे. यंदा केसाएवढी दिसलेली भेग पुढच्या पावसाळ्यानंतर नखाएवढी होते, आणखी दोन-तीन वर्षांनी छताचा पोपडा पडतो आणि आतली गंजलेली सळई उघडी पडते. तरीही ही गोष्ट खरी आहे. काही अटी पाळल्या तर काँक्रीट स्वतःची बारीक भेग स्वतः भरून काढते. तंतू घातलेल्या काँक्रीटमध्ये तर हे अधिक भरवशाने घडते. प्रयोगशाळांनी हे मोजून दाखवले आहे आणि शेजारच्या कर्नाटकातल्या एका खेड्यात या तत्त्वावर रस्ताही बांधून झाला आहे. तो बांधणारा शास्त्रज्ञ नागपुरात वाढलेला आहे!

मग प्रश्न उरतो तो त्या ‘काही अटीं’चा. त्या कोण पाळतो आणि कोणासाठी पाळतो? इंजिनिअरांच्या परिषदेत हा प्रश्न कुणी विचारणार नाही. म्हणून तो या पानावर विचारावा लागतो.

चळवळीच्या दैनिकात सिमेंट-खडीचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी एक गोष्ट आठवावी. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच खात्याकडे केंद्राचे सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेत त्यांनी जे लक्ष घातले ते ‘हे तज्ज्ञांचे काम’ म्हणून फाईल पुढे सरकवणाऱ्याचे नव्हते. त्यांचे नाव घेणाऱ्या चळवळीत मात्र आज काय चित्र आहे? समाजमंदिराच्या नामफलकावरील अक्षरे किती इंचांची असावीत यावर दोन तास बैठक चालते. समोरच्या गल्लीत पडणाऱ्या काँक्रीटची जाडी किती, हे त्या बैठकीत कुणी विचारत नाही. घमेले डोक्यावर वाहणारे आमचे, त्या छताखाली झोपणारे आमचे. टेंडर वाचणारे मात्र दुसरेच!

आधी भेग बुजते कशी ते पाहू. सिमेंटमध्ये पाणी मिसळले की प्रत्येक कणाच्या बाहेरच्या थरावर प्रक्रिया होते आणि तो घट्ट होतो. पण पुष्कळ कणांचा गाभा तसाच कोरडा राहतो. वर्षानुवर्षे तो काँक्रीटच्या पोटात पडून असतो. भेग गेली, तीत पाणी शिरले, की उघडा पडलेला हा गाभा पाण्याशी पुन्हा संयोग पावतो आणि भेगेच्या काठांवर नवे सिमेंट तयार होऊ लागते. त्याच वेळी काँक्रीटमधला चुना पाण्यात विरघळून भेगेत उतरतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूच्याच जातीचे, पांढरे स्फटिक साचतात. पाण्याची नवी टाकी पहिल्यांदा भरली की तिच्या अंगावर कधी कधी ओलसर रेघा दिसतात. टाकी भरलेली ठेवली तर काही दिवसांनी त्यातल्या बारीक रेघा पांढऱ्या होऊन कोरड्या पडतात. टाक्या बांधणाऱ्या जुन्या लोकांना हे ठाऊक असते. याला जादू म्हणायचे कारण नाही. शिल्लक राहिलेल्या सिमेंटचा हा हिशेब आहे.

यात दोन गोष्टी मात्र लागतातच. एक पाणी, दुसरी भेगेची रुंदी. पन्नास मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा विसावा भाग, एवढी भेग चांगली बुजते. ही रुंदी माणसाच्या केसापेक्षा जास्त नाही. दीडशे मायक्रॉनच्या पुढे गेलेली भेग बुजण्याची आशा झपाट्याने मावळते. कारण साधे आहे. दोन काठांतले अंतर भरून काढण्याएवढा मालच तिथे जमत नाही.

भेग एवढी बारीक ठेवायची कशी? इथे तंतूंचे काम सुरू होते. आमच्या आज्यांना हे शिकवायला कोणी प्राध्यापक आला नव्हता. कुडाची भिंत लिंपताना चिखलात गवताची कुट्टी, भाताचे तूस, शेण कालवले जायचे. नुसती माती वाळली की तिला एकच मोठा तडा जातो. गवत घातलेली माती वाळली की बारीक बारीक रेघा पडतात, पण भिंत धरून राहते. तंतुयुक्त काँक्रीटमध्ये हेच घडते. सळई आपल्या जागेपुरती ताण घेते. तंतू मात्र सगळ्या अंगात पसरलेले असतात. भेग जिथे फुटेल तिथे दोन-चार तंतू आडवे असतातच. ते भेगेचे दोन्ही काठ धरून ठेवतात. ताण वाढला तर तीच भेग रुंद होण्याऐवजी शेजारी दुसरी बारीक भेग पडते, मग तिसरी. एका मोठ्या भेगेच्या ऐवजी शंभर केसाएवढ्या भेगा, आणि त्या प्रत्येकीला बुजण्याची संधी!

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक व्हिक्टर ली यांनी १९९० च्या दशकात या तत्त्वावर एक नवे मिश्रण विकसित केले. त्यात मोठी खडी नसते आणि घनफळाच्या साधारण दोन टक्के कृत्रिम तंतू असतात. साधे काँक्रीट ताणले की जवळजवळ लगेच तुटते. हे त्याच्या शेकडो पट ताण सहन करते आणि त्यातल्या भेगा सुमारे साठ मायक्रॉनवर थांबतात. असे तडकवलेले नमुने आळीपाळीने भिजवले आणि वाळवले, तेव्हा त्यांच्या भेगा बुजल्या आणि गमावलेला कडकपणा बऱ्याच अंशी परत आला, असे या गटाने २००९ मध्ये प्रसिद्ध केले. भिजणे आणि वाळणे हे शब्द कोकणपट्टीत राहणाऱ्या माणसाने लक्षात ठेवावेत. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात हेन्क योंकर्स यांनी वेगळीच वाट काढली. त्यांनी काँक्रीटमध्ये सुप्तावस्थेतले जिवाणू आणि त्यांचे खाद्य मिसळले. भेगेतून पाणी आले की जिवाणू जागे होतात आणि चुनखडी तयार करतात. तंतूंच्या वाटेने बुजतात त्यापेक्षा बऱ्याच रुंद भेगा या पद्धतीने बुजतात. पण हे दोन्ही प्रकार साध्या काँक्रीटपेक्षा कितीतरी महाग आहेत. जपानमध्ये होक्काइदोतल्या मिहारा पुलासाठी २००५ मध्ये तंतूंचे हे मिश्रण वापरले गेले. पुलाला ते परवडते. गल्लीचे काय?

या प्रश्नाचे उत्तर नागपूरकराने दिले. नेमकुमार बंथिया नागपुरात वाढले, आयआयटी दिल्लीत शिकले आणि कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात स्थापत्याचे प्राध्यापक झाले. त्यांनी भारत-कॅनडा संशोधन केंद्राच्या मार्फत बंगळुरूपासून सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या थोंडेभावी या खेड्याचा रस्ता निवडला. २०१५ च्या सुमारास तो बांधून झाला. त्यातल्या तंतूंवर पाणी ओढून घेणारा अतिसूक्ष्म थर दिलेला आहे. पाऊस पडला की तंतू पाणी धरतात, भेगेतल्या कोरड्या सिमेंटला ते मिळते आणि भेग भरू लागते. सिमेंटचा मोठा भाग काढून त्याच्या जागी औष्णिक वीज केंद्रातली राख घातली. ही राख सावकाश प्रक्रिया करते, त्यामुळे पुढच्या काळासाठी माल शिल्लक राहतो. रस्त्याची जाडी नेहमीपेक्षा बरीच कमी ठेवता आली आणि खर्चही कमी झाला, असे बंथियांचे म्हणणे आहे.

या प्रयोगाची जागा आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. विमानतळाची धावपट्टी त्यांनी घेतली नाही, खेड्याचा रस्ता घेतला. आणि राखेचे म्हणाल तर ती नागपूर जिल्ह्यातच आहे! कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख तिथल्या गावांच्या उरावर बसलेली आहे. दीक्षाभूमीच्या शहरात वाढलेल्या माणसाची युक्ती कर्नाटकाच्या खेड्यात पोहोचते. मग ती कोराडीच्या शेजारच्या वस्तीत आणि आमच्या तळवलीत का पोहोचू नये?

आमच्या इकडे वस्तीच्या गल्लीचे काँक्रीटीकरण कसे होते ते वाचकांनी पाहिलेले आहे. दलित वस्ती सुधारणेचा निधी येतो. वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२० मध्ये घेतला. गल्लीच्या काँक्रीटची जात मात्र बदलली नाही. सकाळी खडी-रेतीचा ढीग पडतो, दुपारी मिक्सर फिरतो, संध्याकाळी गल्ली तयार. मिश्रण सहज पसरावे म्हणून त्यात बादलीवर बादली पाणी ओतले जाते. दुसऱ्या दिवशी नारळ फुटतो, आणि तिसऱ्या दिवसापासून तराईला पाणी मारणारा माणूस दिसत नाही. आयएस ४५६ या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस तराई सांगितली आहे. सात दिवस गल्ली ओली ठेवायची तर टँकर लागतो, गोणपाट लागते, माणसाची मजुरी लागते. त्या सात दिवसांत ठेकेदाराचा खरा नफा दडलेला असतो.

हे आम्ही उगाच सांगत नाही. बुजण्याची शक्ती काँक्रीट ओतताना ठरते. ओतताना घातलेले जास्तीचे पाणी काँक्रीट सच्छिद्र करते आणि सिमेंट वाया घालवते. तराई न झालेल्या पृष्ठभागाला पहिल्याच आठवड्यात तडे जातात आणि ते केसाएवढे राहत नाहीत. अशा गल्लीत जगातले सर्वांत महागडे तंतू घातले तरी उपयोग नाही. मुंबई महापालिकेने २०२३ पासून रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, गुणवत्ता तपासायला आयआयटी मुंबईला नेमले. तरीही नव्या रस्त्यांना तडे गेले आणि कंत्राटदारांना दंड करावा लागला. तिथे निदान तपासणारा होता. वस्तीच्या गल्लीत तपासणारा कोण? नगरसेवकाचा कार्यकर्ता?

आणि तरीही, स्वतः बुजणाऱ्या काँक्रीटसाठी वस्तीची गल्ली ही तांत्रिकदृष्ट्याच योग्य जागा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. गल्ली अरुंद असते. तिच्यावरून ट्रक जात नाहीत; हातगाडी, रिक्षा, फार तर पाण्याचा छोटा टँकर जातो. वजन कमी म्हणजे भेगा बारीक. चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने दारातल्या धुण्याभांड्यांचे पाणी, म्हणजे भिजणे-वाळणे चालूच. त्यात कृत्रिम तंतू वापरले तर गंजायला लोखंडच नाही. तंतुयुक्त काँक्रीटच्या रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ४६ ही मार्गदर्शिका २०१३ पासून सुधारित स्वरूपात उपलब्ध आहे. म्हणजे ‘नियमच नाहीत’ हे उत्तर अधिकाऱ्याला देता येणार नाही.

आमची भीती दुसरीच आहे. थोंडेभावीचा रस्ता पातळ होता, हे वाक्य कोणत्याही ठेकेदाराला अमृतासारखे वाटेल. तंतूंचे एक पाकीट दाखवायचे, जाडी निम्मी करायची आणि बिल पूर्ण काढायचे! नवे तंत्रज्ञान आपल्या वस्तीत नेहमी काटकसरीच्या दाराने शिरते, हा अनुभव आहे. म्हणून आमची मागणी अशी की जाडी कमी करण्याची परवानगी पहिल्या गल्लीत देऊच नये. आजची मंजूर जाडी कायम ठेवून तंतू आणि राख घाला. प्रत्येक पावसाळ्यानंतर ठरलेल्या दहा जागी भेगेची रुंदी मोजा, आकडे गल्लीच्या तोंडाशी मराठीत लावा, आणि निदान पाच वर्षे दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदाराच्या अनामत रकमेला बांधा. पाच वर्षांचे आकडे हातात आले की मग जाडीचे बघू. प्रयोग वस्तीवर होत असेल तर प्रयोगाची वही वस्तीच्या हातात हवी.

रस्त्याचा प्रश्न असा त्या मानाने सोपा आहे. घराचा तसा नाही, कारण घरात सळई असते.

तळवली ठाणे खाडीच्या शेजारी आहे. खाडीवरची खारी हवा छताच्या आणि कॉलमच्या भेगेतून आत जाते. क्षार सळईपर्यंत पोहोचले की गंज सुरू होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट असते. तो आतून रेटा देतो आणि काँक्रीट बाहेर फेकतो. सळईच्या रेषेत सरळ धावणारी, तपकिरी डाग असलेली भेग दिसली की समजावे की ही गंजाची भेग आहे. ती कधीच आपोआप बुजणार नाही, कारण तिला रुंद करणारा रेटा रोज चालू आहे. तिच्यावर पुट्टी भरणे म्हणजे गळवावर पावडर लावणे.

आणखी एक फसवे चिन्ह सांगितले पाहिजे. बाथरूमखालच्या छताला पांढरी रेघ उमटते, कधी पांढरे थेंब लोंबतात. ‘बघा, भेग स्वतः भरते आहे’, असे सांगून रहिवाशांना घरी पाठवले जाते. पांढरा पदार्थ तोच असतो, हे खरे. पण भेग बुजत असेल तर पांढरी रेघ कोरडी पडते आणि वाढ थांबते. थेंब लांबत राहिले, ओल कायम राहिली, तर पाणी काँक्रीटमधला चुना धुऊन नेत आहे. एकात काँक्रीट जोडले जाते, दुसऱ्यात ते पोकळ होते. दोन्हींचा रंग एकच!

याच मानकात भेगेच्या रुंदीची मर्यादा आहे. जिथे भेगेने अपाय होत नाही तिथे ०.३ मिलिमीटर, जिथे पाऊस-पाणी, ओल लागते तिथे ०.२, आणि जिथे वातावरण तीव्र आहे तिथे ०.१ मिलिमीटर. समुद्रकाठच्या हवेत उघडे राहणारे काँक्रीट या मानकाने तीव्र वर्गात धरले आहे आणि त्यासाठी किमान एम ३० दर्जाचे सळईयुक्त काँक्रीट सांगितले आहे. आता हे आकडे वर सांगितलेल्या पन्नास ते दीडशे मायक्रॉनशेजारी ठेवून पाहा. ०.३ मिलिमीटर म्हणजे तीनशे मायक्रॉन. नियमाला चालणारी भेग आणि स्वतः बुजणारी भेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिल्डरचा वकील कोर्टात या दोहोंची खिचडी करतो. आमच्या हाताखालून गेलेल्या बहुतेक पाहणी अहवालांत ‘केसाएवढ्या भेगा’ असा शब्द सापडतो. आकडा एकाही पानावर नसतो. केस कोणाचा, हे विचारायची वेळ येते.

२७ जुलै २०२४ ला पहाटे बेलापूरजवळच्या शहाबाज गावात चार मजली इमारत कोसळली. तिघांचा जीव गेला. इमारत जेमतेम दहा वर्षांची होती. पन्नासहून अधिक रहिवासी आधीच बाहेर पडले म्हणून वाचले. तळवलीहून महापेमार्गे डोंगर ओलांडला की शिळफाटा. तिथे ४ एप्रिल २०१३ ला लकी कंपाउंडमधली बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत पडली आणि ७४ माणसे मेली. त्यांत तिथे काम करणारे मजूर होते, त्यांची लेकरे होती. अशा इमारतींना कोणताही तंतू, कोणताही जिवाणू वाचवू शकत नाही. पाया, कॉलम आणि सळई यांतच जिथे चोरी आहे तिथे बुजणाऱ्या भेगेची गोष्ट सांगणे हा गुन्हा ठरेल. उलट अशा ठिकाणी भेग बुजवूच नये. ती दिसत राहिली पाहिजे, कारण रहिवाशाला मिळणारी पहिली नोटीस तीच असते.

म्हणून सध्या सोसायट्यांच्या सभांमधून ‘सेल्फ हीलिंग’ असा शब्द घेऊन फिरणाऱ्या विक्रेत्यांविषयी दोन शब्द. काँक्रीट ओतताना मिसळायची स्फटिक तयार करणारी भुकटी बाजारात आहे आणि बारीक, ओल्या भेगेसाठी ती उपयोगी पडते. पण पंचवीस वर्षांच्या गंजलेल्या छताला वरून फासून ती सळई नवी करत नाही. विक्रेत्याला तीनच प्रश्न विचारावेत. किती रुंदीची भेग बुजेल, किती दिवसांत, आणि भेग हलती असेल तर काय? उत्तर लेखी मागावे. भेग हलती आहे का हे पाहायला इंजिनिअरही आधी लागत नाही. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवावी, शेजारी तारीख लिहावी. काच तडकली तर भेग जिवंत आहे. त्या फोटोला न्यायालयात किंमत असते. फोटोवर तारीख आणि मोजपट्टी मात्र हवी.

कायद्यात आधार नाही असे नाही. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. पण ज्यांचे घर नोटरीच्या कागदावर विकत घेतलेले आहे त्यांच्यापर्यंत हे हक्क पोहोचताना दमतात. गावठाणाच्या कडेला गरजेपोटी वाढवलेल्या इमारतींतली भाड्याची आणि विकतची घरे कोण घेतो? मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तरेतून आलेला, एमआयडीसीत हंगामी कामाला लागलेला माणूस घेतो. मूळ गावकऱ्याचा जमिनीचा लढा आम्हाला मान्य आहे, त्याच्या घराला कायदेशीर दर्जा मिळालाच पाहिजे. पण तो दर्जा देताना त्या घराचे काँक्रीट तपासून द्या, तिथल्या भाडेकरूसह सर्वांसमोर अहवाल ठेवा, एवढे मागायला हरकत नसावी. आणि अहवालात इमारत सी-१, म्हणजे अतिधोकादायक निघाली तर पर्यायी निवाऱ्याशिवाय माणसांना रस्त्यावर काढू नका. भेग दाखवली की घर जाते, अशी भीती असेल तर भेग कोण दाखवणार? लोक तिच्यावर कॅलेंडर टांगतात.

वस्तीत नवी गल्ली होऊ घातली असेल तर कार्यकर्त्यांनी नारळ फुटण्याआधीच कामाला लागावे. अंदाजपत्रकाची प्रत, काँक्रीटचा दर्जा, मंजूर जाडी, तराईचे दिवस आणि तंतूंची तरतूद आहे की नाही, हे सर्व माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाचे शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. या २००५ च्या कायद्यातल्या कलम २(ञ) मधला एक हक्क मात्र फारसा कुणी वापरत नाही. त्यात केवळ कागद येत नाहीत, प्रत्यक्ष कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही येतो. गल्लीतल्या काँक्रीटचा दंडगोल कापून काढला की त्याची जाडी, त्यातली खडी आणि तंतू डोळ्यांना दिसतात. नमुना घेताना वस्तीतल्या दोन बायकांना साक्षीदार म्हणून उभे करा, जाडी जागेवरच पट्टीने मोजून पंचनाम्यात आकड्यात लिहून घ्या, आणि नमुना सीलबंद झाल्याशिवाय तिथून हलू नका.